खाटेखालच्या घोड्या

नाव वर लिहून झाले आहे. वय ५१ वर्षे, काम छापखान्यात, बाइंडिंग खाते. राहणार बैठ्या घरांच्या ओळीतले शेवटचे घर, पाण्याच्या टाकीसमोर. आज सोमवार, सकाळी साडेआठ वाजता.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे. वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि सासरे असे तिघे राहतो. मुलगी नोकरीला परगावी असते. सासरे ८३ वर्षांचे आहेत. पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करीत. जबाबात त्यांना मयत असे लिहिले जात आहे. तो शब्द साहेबांचा आहे.

मला पहिला प्रश्न असा विचारला की, गाडीखाली लावायच्या दोन लोखंडी घोड्या घरात असताना त्या का लावल्या नाहीत. शेजाऱ्यांनी पंचनाम्यात सांगितले आहे की यांच्याकडे घोड्या आहेत, ते नेहमी लावतात. ते खरे आहे. जॅक हा गाडी उचलण्यापुरता, तोलून धरायचे काम घोड्यांचे, हे आमच्या घरात मलासुद्धा पाठ आहे. त्या का लावल्या नाहीत, एवढेच सांगायला मी आले आहे. बाकीचे शेजाऱ्यांनी सांगितले असते तरी चालले असते.

सासऱ्यांना दोन महिने खोकला आहे. आडवे झाले की ढास लागते. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी खाट उशाकडून वीतभर उंच करायला सांगितले. आम्ही विटा लावल्या, त्या डुगडुगायला लागल्या. मी पतींना म्हटले, "अहो, तुमच्या त्या घोड्या लावा की." ते म्हणाले, "घोड्या गाडीच्या आहेत, खाटेच्या नाहीत." मी म्हटले, "तुमची गाडी रात्रभर खोकत नाही." त्यावर ते हसले आणि घोड्या घेऊन आले.

खाट लोखंडी आहे. उशाकडची आडवी पट्टी त्यांनी दोन्ही घोड्यांच्या खोबणीत बसवली, खाली रबराचे तुकडे घातले. मग गाडीला देतात तसा खाटेला खांद्याने धक्का देऊन बघितला. हललेली वस्तू आत्ता हलू दे, मी खाली असताना नको, असे ते म्हणायचे. सासरे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "आता ऑइलपण बदलून टाक माझं." त्या रात्री ते पहाटेपर्यंत झोपले. आम्हीही झोपलो. घोड्या मागून घेणारी मी आहे. हे स्वतंत्र ओळीत लिहावे.

शनिवारी गाडीच्या सायलेन्सरला धरून ठेवणारे रबर तुटले आणि नळी रस्त्याला घासायला लागली. आज नऊ वाजता सासऱ्यांना डॉक्टरांकडे न्यायचे होते. म्हणून पतींनी काल दुपारी रबर बसवायचे ठरवले. ती वेळ रद्द करायला अजून कुणी फोन केलेला नाही, हे मला आत्ता बोलताना आठवले.

काल रविवारी तीन चाळीसला त्यांनी गाडी अंगणातल्या फरशीवर काढली. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण मी कुकर बंद करून घड्याळ बघितले होते. मागची बाजू उचलायची होती. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. त्या मी स्वतः पायाने आत सारल्या. चाकांवर सरकणाऱ्या जॅकने गाडी चढवली. मग हात पुसत ते घोड्या आणायला आत गेले.

मी त्यांच्या मागे गेले. ते सासऱ्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. सासरे झोपले होते. आदल्या रात्री ढास परत लागल्याने ते जागेच होते, दुपारी जेवल्यावर कुठे डोळा लागला होता. तोंड उघडे होते आणि श्वास नीट चालला होता. पती बराच वेळ बघत राहिले. मी म्हटले, "उठवते मी. पाच मिनिटं बसतील खुर्चीत." ते म्हणाले, "राहू दे गं. दहा मिनिटांचं तर काम आहे." मी बरं म्हटले.

साहेब म्हणतात की मी बरं म्हटले हे लिहायची गरज नाही. आहे. एरवी मी अशी बाई नाही. भाजीवाल्याला पावशेर दोनदा तोलायला लावते, छापखान्यात घडी घातलेल्या पानांचा एक फर्मा उलटा गेला तर अख्खी वही उसवते. काल बरं म्हटले. कुकर झाला होता, सासरे झोपले होते, आणि दहा मिनिटांचं काम होतं.

पतींनी अगदीच काही लावले नाही असे नाही. स्टेपनी काढून गाडीच्या डाव्या अंगाला खाली आडवी सरकवली. गाडीला खांद्याने धक्का दिला. हलली नाही. तीन बावन्नच्या सुमारास ते उजव्या बाजूने पाठीवर आत सरकले.

गाडीखाली एकट्याने जायचे नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून मी राखणीला बसले. आमच्याकडे ती माझी नेहमीची नोकरी. उलट्या बादलीवर बसायचे आणि पाने द्यायचे. खालून बोललेले मला नीट ऐकू येत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली. पान्याने फरशीवर एक ठोका म्हणजे दहा नंबरचा पाना, दोन ठोके बारा नंबरचा, तीन ठोके म्हणजे बॅटरी धर. बावीस वर्षांपूर्वी पहिली गाडी घेतली तेव्हापासून असेच आहे. मुलगी लहानपणी चौथा ठोका चहाचा म्हणायची, मग तोही ठरला.

काल आधी दोन ठोके आले. मी बारा नंबर दिला. मग तीन आले. मी वाकून बॅटरी धरली. रबर बसले असावे, कारण नळी वर गेलेली मला दिसली. ते म्हणाले, "झालं." मी बॅटरी विझवली. नंतर चार ठोके आले. मी म्हटले, "आधी बाहेर या, मग चहा." ते हसल्याचे ऐकू आले.

मी चहा ठेवायला उठले नाही. हे मला दोनदा विचारले म्हणून दोनदा सांगते. मी बादलीवरच बसले होते.

ते बाहेर सरकायला लागले तेव्हा जॅकचे एक चाक दोन फरश्यांच्या फटीत खचले. मला आधी फरशीचा आवाज आला. जॅक कलला आणि गाडी उजवीकडे खाली आली. मोठा आवाज झाला नाही. घड्याळ मी बघितले नाही. शेजारी चार वाजून चार मिनिटे सांगतात, तेच धरावे.

मी गाडी उचलायला बघितली. मग ओरडले. पलीकडचे शेजारी गाडी चालवायला शिकवतात, ते धावत आले. त्यांनी जॅक परत लावायला घेतला, त्यांच्याकडून नीट लागेना, मी लावून दिला. या वेळी स्टेपनी उजवीकडे सरकवली. ती मी सरकवली. नंतर आम्ही दोघांनी पतींना पाय धरून बाहेर ओढले. त्यांच्या हातात बारा नंबरचा पाना होता. तो पंचनाम्यात आहे. अँब्युलन्स साडेचारला आली. दवाखान्यात आणण्यापूर्वीच गेले असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

एवढे सगळे होईपर्यंत सासरे झोपले होते. दोन महिन्यांत दुपारी इतके कधी झोपले नव्हते.

मी संध्याकाळी साडेसहाला घरी आले. तोवर शेजारीणबाई त्यांच्यापाशी बसल्या होत्या. सासऱ्यांनी विचारले, "गाडी झाली?" मी म्हटले, "झाली." ते म्हणाले, "आणि तो कुठंय?" मी सांगितले की लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलंय, तातडीचा फोन आला, तिकडे गेलेत. असे फोन त्यांना येत. सासऱ्यांनी उशाकडच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाले, "घोड्या तर माझ्याखाली आहेत. गाडी कशावर ठेवली त्यानं?" मी म्हटले, "शेजाऱ्यांच्या आणल्या." ते म्हणाले, "त्याच्याकडे कुठल्या घोड्या? तो टायरमध्ये हवा भरायलासुद्धा माणूस बोलावतो." शेजारीणबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. सासरे म्हणाले, "मला उठवायचं की. मी काय काचेचा आहे?"

त्यांना ही दोन उत्तरे मी खोटी दिली. या जबाबात मी खोटे काही सांगितलेले नाही.

मुलगी आज दुपारी बाराच्या गाडीने येत आहे. साहेब म्हणतात की घोड्या मुद्देमाल म्हणून ताब्यात घ्याव्या लागतील आणि त्यासाठी आत्ताच माझ्याबरोबर हवालदार येतील. माझी विनंती आहे की दुपारपर्यंत थांबावे. मुलगी आली की आम्ही दोघी सासऱ्यांना उठवू, खुर्चीत बसवू आणि सांगू. मग घोड्या मी स्वतः आणून देईन. त्यांच्या झोपेत खाट खाली घेता येणार नाही. कालही आली नाही. साहेबांनी बरं म्हटले.

जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात शेवटून तिसऱ्या ओळीत, मयताने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घोड्या लावल्या नाहीत, असे होते. मी ते खोडायला लावले. साहेबांनी विचारले, मग काय लिहू? मी सांगितले, वडिलांची झोप मोडू नये म्हणून, असे लिहा. ते म्हणाले, असे कारण कुठल्या रकान्यात बसत नाही. मी म्हटले, मग रकाना रिकामा ठेवा, खाली लिहा. त्याप्रमाणे लिहिले आहे.

वडिलांची झोप मोडू नये म्हणून घोड्या लावल्या नाहीत.

खाडाखोडीजवळ माझी सही घेतली आहे. बाकी जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे, तो मी ऐकला, बरोबर आहे.