भिंतीच्या अलीकडे थांबणारी गोळी

नाही हो भाऊ, इतक्यात नाही येत ते. झेरॉक्सवाल्याकडची लाइन पाहिली ना मी, कॉलेजची पोट्टी उभी आहेत फॉर्म घेऊन — आन गुरुजी म्हणजे रिटायर हेडमास्तर, ते आधी त्या पोट्ट्यायची लाइन सरळ करतील, मंग आपलं लायसन पुढं करतील. तवरीक तुमी मले एक सांगा. गुरुजीसाठी गोळ्यायच्या या दोन डब्ब्या काढून ठेवल्या ना तुमी, यातली नरम कोणती? हसू नका. भाजीवालीले विचारतो तसंच विचारून राहिली मी, कवळी कोणती आन जून कोणती. मले हक आहे विचारायचा. पिस्तूल त्यायचं — हो हो, रिव्हॉल्वर, सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत गाडीत तेच शिकवत आले मले, वत्सलाबाई, पिस्तूल वेगळं आन रिव्हॉल्वर वेगळं — तर रिव्हॉल्वर त्यायचं, लायसन त्यायचं, पण भिंत अर्धी माझी आहे. आमची घरं चिपकून आहेत. मधात एका विटेची भिंत, तेबी उभी ठेवलेली वीट, खिळा ठोकला का पलीकडच्या घरात पोपडा पडते. त्यायच्या बाजूनं कपाट, माझ्या बाजूनं माझा पलंग. उद्या गुरुजीनं चोरावर नेम धरला आन चोर खाली वाकला, तर ते गोळी कोणाच्या उशीत येईल? तुमच्या तर नाही येत.

आन नेम तरी कसा — चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तो. रिव्हॉल्वर त्यायनं घेतलेलं नाही हो, त्यायच्या बाबाचं आहे. बोरगावकडे संत्र्याचा बगीचा होता, बाबा रखवालीले तिथंच झोपत, म्हणून घेतलं होतं. बाबा गेले, बगीचा विकला, लायसन गुरुजीच्या नावावर झालं आन रिव्हॉल्वर गेलं कपाटात, अलकावहिनीच्या लुगड्यायखाली. अलकावहिनी म्हणजे त्यायची बायको, गेली बिचारी यंदाच्या पोळ्याच्या आधी. तिचं लक्ष असेपर्यंत त्या वस्तूले हातसुद्धा नाही लावू दिला तिनं. म्हणे, पोरायले छडी मारायची हिंमत नाही झाली या माणसाची, हा गोळी काय मारते. जुन्या गोळ्या निघाल्या परवा, हिरव्या पडल्या होत्या, तांब्याच्या गडव्यावर कळक चढते तशा. म्हणून तर तुमच्याकडे आणलं त्यायनं — म्हणजे ते आले, आन मी संगं आली. माझी पोरगी अश्विनी इथंच दिली आहे ना पांढुर्ण्यात, तिले भेटायच्या नावानं. भेटली का? नाही भेटली अजून. आधी गोळीचं पाहू द्या.

पण भाऊ, गुरुजीचा अभ्यास किती झाला म्हणता. नितीननं, त्यायच्या पोरानं, पुण्यावरून फोन पाठवला आहे मोठा. त्यात एक गोरा माणूस टरबुजावर गोळ्या झाडत राहते आन फुटलेलं टरबूज हातात घेऊन भाषण देते. गुरुजी वही घेऊन बसतात समोर. एक गोळी म्हणे अशी असते का तिच्या नाकात खड्डा असते, आन आत गेली का ते शेवंतीसारखी उमलते, मंग पुढं जात नाही, तिथंच थांबते. मले मोठ्या खुशीनं समजावलं त्यायनं — वत्सलाबाई, सुरक्षित गोळी आहे, शेजाऱ्यायले धोका नाही. मी म्हटलं, गुरुजी, मंग शेवंतीच लावा ना दारात. आता तुमी म्हणता ते इकडं भेटतच नाही. झालं. मंग या दोनच उरल्या — एक निस्ती शिशाची आन एक वरून तांबं चढवलेली. यातली शिशाची नरम, हो ना? चपटी होते? विटेत थांबन म्हणता. बरं. छान. आन फळीत? म्हणजे दाराच्या फळीत हो. मागचं दार आहे त्यायचं, सागाचं नाही, साधी फळी, खालून पावसानं सडलेली. पार होईल म्हणता? दोन्ही बी पार होतील? शिशाचीबी?

तुमी पक्कं सांगून राहिले का अंदाज?

नाही, दाराचं असंच विचारलं. भिंतीचं विचारलं म्हणून दाराचंबी विचारलं, माणूस घर पाहाले गेला तर सारंच पाहते. चोर तर मागच्या दारानंच येते ना, दुपारचा. हो, दुपारचाच येते, गुरुजी जेवून पडतात तवा. दोन महिन्यापासून येऊन राहिला. नाही, काही नेलं नाही. तेच तर साऱ्या मोहल्ल्याले कोडं पडलं. असा कोणता चोर हो भाऊ, घरात येते, शेगडीवरून दुधाचा गंज उतरवते, झाकण ठेवते, जाळीच्या कपाटात ठेवून जाते? गुरुजी म्हणतात टेहळणी करून राहिला. एक दिवस त्यायनं काय करावं, मागच्या दारात गव्हाचं पीठ पसरवलं, चाळणीनं, एकसारखं — पावलं उमटतील म्हणून. आन मी म्हटलं म्हाताऱ्या माणसाच्या हातून सांडलं असन, घेतला झाडू, दिलं झाडून. ओलं पोतंबी फिरवलं वरून. संध्याकाळी गुरुजी रस्त्यावर उभे राहून साऱ्यायले सांगून राहिले, चोर साधा नाही, शिकलेला आहे, पुरावा पुसून गेला. त्याच दिवशी कपाट उघडलं त्यायनं. लुगड्यायखालून काढलं ते.

काय पाहून राहिले असे?

कोण झाडलं म्हटलं मी? — बरं. आता निघून गेलं तोंडातून तर ऐकाच, पण तुमच्या मालाच्या पेटीत कुलूप लावून ठेवा. चोरबीर कोणी नाही. मी आहो. अलकावहिनीनं दवाखान्यात जायच्या आधी मागच्या दाराची चाबी माझ्या हातात देली होती, म्हणे वत्सला, यांचं पाहत जाय, यायले भूक लागली तरी समजत नाही. मी म्हटलं पाहीन. पण पाहायचं म्हणजे काय, ते तवा कुठं माहीत होतं. एक दिवस दुपारी भिंतीतून जळका वास आला. मले वाटलं माझंच काही लागलं. गेली पलीकडे तर शेगडी चालू, गंज काळाठिक्कर, दूध जळून कोळसा, आन गुरुजी बाजूच्या खोलीत झोपले, पेपर तोंडावर. शेगडी बंद केली, खिडकी उघडली, गंज घासायले घरी आणला, दुसरा ठेवला त्याच्या जागी. मंग मले सवयच लागली. दीड वाजला का कान भिंतीले. कधी चहा चढवून विसरते ते, कधी दूध, कधी तर गॅस चालू आन वर भांडंच नाही. रोज नाही हो. पण ज्या दिवशी होते त्या दिवशी होतेच.

आवाज देऊन जात जा म्हणता. हो, सोपं आहे तुमाले सांगायले. आवाज देला का ते जागे होतील, जागे झाले का विचारतील काहून आल्या, आन मी काय सांगू — गुरुजी, तुमी विसरून राहिले? ज्या माणसाले अजून मागच्या पिढीतल्या पोट्ट्यायचे रोल नंबर पाठ आहेत, त्याले? आन नितीन सांगून गेला आहे वहिनीच्या तेरवीच्या दिवशी, मी चहा घेऊन उभी होती तिथं — बाबा, एखादी गडबड झाली तर मी ऐकणार नाही, घराले कुलूप लावीन आन पुण्याले नेईन. चौथ्या माळ्यावर. तिथं त्यायले वत्सलाबाई पिस्तूल वेगळं आन रिव्हॉल्वर वेगळं म्हणायले कोण भेटन? म्हणून मी म्हटलं, चोर तर चोर. चोराचं भेव चांगलं आहे हो, माणूस ताठ राहते त्यानं. दाढी रोज करून राहिले आजकाल.

आन माझंबी थोडं — आता काय लपवायचं तुमच्यापाशी. आमचे हे बोरगावच्या कारखान्यात, सकाळी गेले का रात्री येते, आले का झोपते. पोरगा कुणाल, तो नागपूरले. त्या भिंतीतून गुरुजी पेपर वाचतात ना सकाळी, मोठ्यानं, वहिनीले ऐकवत असत तसे — अजूनबी वाचतात, कोणीच नाही तिथं, तरी वाचतात. मी भाजी निवडत ऐकतो. आपल्याले साऱ्या दुनियेची खबर तिथूनच. ते गेले पुण्याले, तर ते भिंत निस्ती भिंत राहीन.

म्हणून म्हटलं नरम गोळी द्या. आता तुमी म्हणता दारात कोणतीच नरम नाही.

थांबा. आले. लाइन सरळ झाली वाटते, रस्ता ओलांडून राहिले, दोन्हीकडे पाहून, हात वर करून, जशी शाळा सुटली आन मागं पोरं आहेत. तुमी काही बोलू नका. मी भाव विचारून राहिली होती, बस.

या गुरुजी. झाली का झेरॉक्स? — हो, यायनं काढून ठेवल्या दोन्ही. — मी काय सांगू कोणती, मले काय समजते त्यातलं. — तुमीच विचारून राहिले म्हणून सांगतो मंग. गुरुजी, कोणतीबी नका घेऊ. — नाही, पैशाचं नाही. — गुरुजी, मागच्या दारानं येते ते मी आहो.

मी आहो, वत्सला. चाबी वहिनीनं देली होती. गॅस चालू राहते तुमचा. — पोळ्यापासून. — नाही, रोज नाही. — पीठबी मीच झाडलं, मले वाटलं सांडलं. — नितीनले? नितीनले काहून सांगीन मी? आतापर्यंत सांगायचं असतं तर फोनच केला नसता का. आता कसं आहे, तुमी दुपारी चहा आमच्याकडे घेत जा, आन तुमच्या शेगडीचं बटन जेवण झाल्यावर खालून सिलिंडरपाशीच बंद करत जाऊ, आपण दोघं. मी आवाज देऊन येईन. गुरुजी म्हणून आवाज देईन, मंग आत येईन. — गुरुजी. अहो गुरुजी, कागद राहिला तुमचा.

गेले.

कागदबी न घेता गेले, पाहिलं तुमी? असं त्यायचं नसते कधी. एखादं पोट्टं चुकीचं उत्तर देई तवाबी वर्ग सोडून जात नव्हते ते. चूक झाली का हो माझी? तुमच्या दुकानात चार लोकायसमोर — नाही, तुमी एकटेच आहा, तरी. स्टँडकडेच गेले. सौंसरची गाडी लागली आहे. चढले. मले न घेता चढले, भाऊ. जाऊ द्या, मी अश्विनीकडे राहतो आजच्या दिवस. उद्या पाहू काय म्हणतात. तुमी ठेवा त्या डब्ब्या आत, आजचं गिऱ्हाईक तर —

थांबा जरा, सरका बाजूले, दिसून नाही राहिलं. खिडकीत बसले ते. बाजूच्या सीटवर थैली ठेवली. एक बाई बसायले आली तर हात आडवा केला. आता कंडक्टरले काही समजावून सांगून राहिले, बोट दाखवून, इकडं दुकानाकडं.

ते झेरॉक्स द्या इकडं. येतो मी.