पाण्याची पातळी

रूबेन : मिस्टर वेंडेल, जरा मागे सरा बघू. हे आम्ल आहे, लिंबूपाणी नव्हे. बुटाला भोक पाडेल.

वेंडेल : रूबेन, ओहायोत पोलादाच्या कारखान्याची प्रयोगशाळा मी चालवली आहे. आम्ल म्हणजे काय ते मला सांगू नकोस. सीटखाली काय दिसतं तेवढं सांग.

रूबेन : सहाच्या सहा बॅटऱ्या गेल्या. खालच्या लोखंडाचे पापुद्रे निघतायत. गोल्फ कार्ट आहे की समुद्रातून काढलेली होडी, कळत नाही.

आर्डिस : मागच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणालाच तर नवीन घातल्या होत्या.

वेंडेल : म्हणजे वर्षही पुरतं झालेलं नाही. शिशाची बॅटरी नीट राखली तर पाच वर्षं सहज जाते.

रूबेन : म्हणूनच म्हणतो, या वेळी लिथियम घ्या. पाणी नको, गंज नको. बसवायची आणि विसरून जायची.

आर्डिस : लिथियमच बसव, रूबेन. आजच्या आज.

वेंडेल : थांब, आर्डिस. कारण कळल्याशिवाय दुरुस्ती करायची नसते. पहिला संच कशाने मेला, ते आधी ठरू दे.

आर्डिस : गेल्या त्या गेल्या. कारण शोधून काय करायचंय?

वेंडेल : हे तू विचारतेस? आयुष्यभर मुलांना जीवशास्त्र शिकवलेली बाई? रूबेन, हायड्रोमीटर लावून प्रत्येक कप्प्यात आम्ल किती उरलंय ते पाहा.

रूबेन : पाहिलं. पूर्ण चार्ज करूनही आतला तरंगणारा गोळा तळालाच बसतोय. आम्ल नावापुरतं, बाकी सगळं पाणी.

वेंडेल : सगळ्या कप्प्यांत सारखंच?

रूबेन : सारखंच.

वेंडेल : मग दोष बॅटरीचा नाही. एखादी खराब निघू शकते. सहा एकाच तऱ्हेने निघत नाहीत. कुणीतरी चार्ज करण्याआधी पाणी भरलं आहे. चार्ज होताना पातळी चढते, आम्ल उतू जातं. मग पातळी उतरलेली दिसते आणि तो शहाणा पुन्हा पाणी भरतो. प्रत्येक खेपेला आम्ल पातळ होत जातं.

रूबेन : अहो, आधी चार्ज, मग पाणी, हे या गल्लीतल्या प्रत्येक कार्टवाल्याला तुम्हीच शिकवलंत. माझा अर्धा धंदा बसवलात! आणि तुमच्याच गाडीत...

वेंडेल : तेच म्हणतो मी. चार्जर मी लावतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाणीही मीच घालतो. आर्डिस, गॅरेजची किल्ली आणखी कुणाकडे आहे?

आर्डिस : कुणाकडेच नाही.

वेंडेल : शेजारच्या क्लाइडकडे?

आर्डिस : नाही रे.

वेंडेल : मग कोपऱ्यातले ते रिकामे कॅन? डिस्टिल्ड वॉटर एवढं कुणी आणलं?

आर्डिस : दुकानात गेलो की तू एक उचलतोस. घरातलं संपलंय म्हणतोस.

वेंडेल : आणि तू मला उचलू देतेस.

आर्डिस : न्याहारीआधी झाकणांचा आवाज येतो. कधी दुपारीही येतो. तुझा परवाना गेल्यापासून ही गाडीही मीच चालवते. एवढं एक काम तुझ्याकडे उरलं होतं, वेंडेल. ते काढून घ्यायला माझं मन धजलं नाही.

रूबेन : मी... मी जरा ट्रकमधून पाने-पकड घेऊन येतो.

वेंडेल : थांब. तू बाहेर गेलास म्हणून निष्कर्ष बदलणार नाही. पाणी घालणारा माणूस मी आहे. आणि घातल्याचं मला आठवत नाही.

(वेंडेल एकेक झाकण जागेवर बसवतो.)

वेंडेल : लिथियम बसव, रूबेन. त्या बॅटरीला माझी गरज नाही.

आर्डिस : नको. शिशाच्याच बसव.

रूबेन : आर्डिस मॅडम, यात फायदा माझाच आहे. वर्षभरात मला पुन्हा बोलवाल.

आर्डिस : नाही बोलावणार. कॅन स्वयंपाकघरात राहतील, माझ्या कपाटात. पहिल्या रविवारी झाकणं हा उघडेल, पाणी मी ओतेन.

वेंडेल : हा निर्णय भावनेचा आहे. लिथियम सर्व बाबतींत सरस आहे.

आर्डिस : बॅटरीच्या सर्व बाबतींत.

वेंडेल : आणि मधल्याच एखाद्या दिवशी मी कॅन मागितला तर?

आर्डिस : सांगेन, रविवारी घातलंय.

वेंडेल : माझा विश्वास बसणार नाही. मला ओळखतेस तू.

आर्डिस : नको ठेवूस विश्वास. झाकण उघड, आत डोकावून बघ.

वेंडेल : आणि पातळी बरोबर दिसली तर?

आर्डिस : तर झाकण लाव आणि घरात ये.