चाचाचं मरण पुस्तकात नाय

आमचं गाव करमाडच्या पलीकडं, बाई, आता तिथं आमचं कुणी नाय. घरात दखनी, गल्लीत मराठी अन् शाळा उर्दूत, म्हणून निजामाच्या राज्यात मी शहरात कचेरीत नक्कलनवीस लागलो, म्हंजे कागद जसा हाय तसा उतरायचा, पदरचं अक्षर घालायचं नाय. मग पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं, मी तिथंच राहिलो. नवा साहेब भला वाटला, माझ्यासाठी खुर्ची मागवली त्यानं. म्हणला, सरकारला ह्या दिवसांचा इतिहास छापायचाय, तुम्हाला उर्दू-मराठी दोन्ही येतात, गावोगाव फिरा, जबाब घ्या. मी विचारलं, रझाकारांनी केलं ते लिहू का फौज आल्यावर झालं ते? दोन्ही लिहा म्हणला, सगळं छापू. लई खूश झालो मी, काय सांगू तुम्हाला, येड्यासारखा.

आधी माझ्या चाचीकडं गेलो. तिचा पोरगा रझाकारांत होता, पाटलाची वस्ती त्यानं पेटवली, गावाला ठाऊक होतं, घरात कुणी बोलत नव्हतं. राज्य गेल्यावर लोक चालून आले, पोरगा पळालेला, तर त्यांनी चाचाला दारात मारलं. चाचा शिंपीकाम करायचा, पाटलाच्या घरचे कपडेबी तोच शिवायचा, कधी कुणाला बोट लावलं नाय. चाची म्हणली, बेटा, मेरे बच्चे का गुनाह लिख, मैं बोलती, पन तेरे चाचा का बी लिख. व्हय म्हणलं. कचेरीची रीत, जबाब वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा. तसा घेतला.

पुस्तक छापून आलं. पोरगा होता, बापाच्या नावासकट. वस्तीची आग होती. चाचाचं मरण नव्हतं. फौज आली अन् लोक सुखी झाले, तिथं संपलं, अन् वर माझं नाव. साहेब म्हणला, वरून काटछाट झाली, अहो तुमचं नाव तर आलं ना. दगा दिला त्यानं मला. भाईबंद म्हणले, सरकारचा झाला हा, त्यांनी उठणंबसणं बंद केलं. अन् मी तरी काय केलं? लेकरं होती, तीच नोकरी पेन्शनीपर्यंत केली.

चाची म्हणली, पढके सुना. तिला कुठं वाचता येत होतं. मी पुस्तक उघडलं अन् चाचाचं सगळं वाचलं, दार, शिवणाची मशीन, मारणारे, जे त्यात नव्हतंच ते सगळं. तिनं पुस्तक कपाळाला लावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणली, अल्ला तेरा हाथ सलामत रखे.

ती गेली, लई वर्सं झाली. दुवा लागली बघा तिची. ऐंशी उलटली, हात अजून थरथरत नाय माझा.