पॅसिव्हचं वाक्य

दहावीच्या निकालाच्या खिडकीपुढे शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची कॉलेजातली लेक उभ्या होत्या. बाई इंग्रजीत दोनदा आपटून तिसऱ्यांदा बसली होती. मागे रांगेत उभे असलेले एक म्हातारे मास्तर त्यांचं बोलणं कान देऊन ऐकत होते.

“आई, पॅसिव्ह करायला वाक्य कुठलं आलं होतं?”

“द टेलर स्टिच्ड द ड्रेस.”

“मग तू काय केलंस?”

“ड्रेस पुढे आणला, ‘वॉज स्टिच्ड’ लावलं आणि टेलरला ‘बाय’ जोडून धाडलं शेवटी.”

“गेल्या वेळी तर हेच चुकलं होतं. आता पाठ केलंस वाटतं?”

“पाठ कशाला करायचं? वीस वर्षं दुकानात तेच बघतेय. ड्रेस काचेत झळकतो आणि शिवणारी मागच्या खोलीत.”

खिडकीतून गुणपत्रिका आली. लेकीने ती दोनदा वाचली.

“आई, इंग्रजीत एकसष्ट.”

“नीट बघ गं.”

“एकसष्टच आहेत. थांब, बाबांना कळवते. लिहू का, इंग्रजीचा पेपर आईकडून सोडवला गेला?”

“मला मागे ढकलू नकोस. लिही, आई पास झाली. आई आधी, बाकीचं मागून.”