ढेकरीची जागा

...आणि वर तो हेलसिंकीहून आलेला शास्त्रज्ञ मलाच विचारतो, "बाई, नवऱ्याने तुम्हालाही सांगितलं नाही?" नाही हो! तुम्हाला सांगते, एकेचाळीस वर्षं ताऊनोशी संसार केला, पण मेल्याने जागा सांगितली नाही! आता आमच्या लॅपलंडात हिल्ल्याची जागा कुणी कुणाला सांगत नाही, कबूल. दलदलीतली ती केशरी फळं, सख्खा भाऊ भावाला पत्ता लागू देत नाही. पण बायकोला? सकाळी सायकलवर टांग टाकून निघायचा, दुपारी बादली भरून हजर! "कुठे होतास रे?" तर म्हणे, "लांब." संपलं भाषण!

आणि अंगावर एक डास चावलेला नाही! म्हणजे नक्की ढेकरीच्या रानात बसत असणार. ढेकरी हो! हिल्ल्यासारखंच केशरी बोंड. डास भुलून बसला की झाकण बंद. अकरा दिवस पचवत बसते, मग मोठ्ठा ढेकर देऊन पुन्हा तोंड उघडते. उपटून अंगणात लावा, रुसून मरते. तिच्यासाठीच तर तो शास्त्रज्ञ माझं डोकं खातोय! इस्पितळात शेवटी हात धरून विचारलं, "ताऊनो, आता तरी?" तर म्हणाला, "रबरी बूट घालून जा." आणि गेला! जागा सांगितली नाही!

वर्ष झालं. गेल्या महिन्यात सौनामागे, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरामागे, कपडे वाळत घालतेय, तर झाडीतून... ढ्ढब्ब! ताऊनोचा ढेकर! तो सौनात बसला की यायचा ना हा आवाज, जन्मभर ओरडले मी, "लाज नाही का, शेजारची हिल्क्का ऐकते!" आणि तो गप्प! चादर टाकली, "ताऊनो!" करत धावले... बूट न घालता! गुडघाभर चिखल!

ताऊनो कुठला... ढेकऱ्या! शेकड्यांनी! म्हणजे जन्मभर ढेकर यांचे, आणि बोलणी खाल्ली त्याने! मध्ये हिल्ला, आणि बसून बसून गुळगुळीत झालेला एक ओंडका. घरापासून दोनशे पावलं! म्हणजे सायकलवरून गावाला वळसा घालून हा इथे येऊन बसायचा! मीही बसले. समोर बघते तर माझ्याच स्वयंपाकघराची खिडकी. अख्खी दिसत असणार मी... भांडी घासताना, त्याची वाट बघताना. रडले हो. अरे, कधी तोंडाने बोलला असतास तर जीभ झिजली असती का?

शास्त्रज्ञाला म्हटलं, "लांब आहे." रोज सायकलसुद्धा काढते, हिल्क्काला संशय नको. वळसा घालून येते, ओंडक्यावर बसते, खिडकीकडे बघत राहते. पण दिसत कुणीच नाही हो... दिसणार कोण? त्या खिडकीतली बाई इथे येऊन बसलीय ना!