टेबलातली शेगडी

"लगीन झाल्यापासून पोरगी गॅसपुढंच उभी हाय. पुण्यात तिला भारी हॉटेलात ने, पण म्या सांगितलं म्हणू नको," सासूबाई माझ्या नवऱ्याला हळूच सांगत होत्या. मी दाराआड खूश!

गेवराईहून आम्ही चौघं पुण्याच्या कोरियन हॉटेलात गेलो. तिथं टेबलातच शेगडी, आपलं आपणच भाजून खायचं. चिमटा कुणी न सांगता माझ्या हातात पोचला.

"मशरूम कच्चं हाय गं," सासरे म्हणाले.

"माझं रताळं कडक भाज," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं नुसती ताटली पुढं केली.

वेटरनं विचारलं, "मॅडम, मी भाजून देऊ?"

"कशाला? आमची सून हाय की!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

मी चिमटा वेटरला दिला. "दादा, तुम्हीच भाजा." मग सासूबाईंना म्हणाले, "आत्या, ती ताटली इकडं सरकवा, मला लई भूक लागलीय."