चार नंबरच्या मशीनवरचं डबडं मी कुणाच्या सांगण्यावरून हलवलं

जबाब देणारीचं नाव वरच्या रकान्यात लिहून घेतलेलं आहे. वय चोवीस. शिक्षण चौथी. काम: मशीन शॉपमध्ये झाडलोट, मशीन पुसणं आणि कापलेल्या नगांच्या कडेची धार कानशीनं घासून काढणं. राहणार पाण्याच्या टाकीमागच्या भाड्याच्या खोल्या, खोली नंबर तीन.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी काल सकाळपासून झोपलेले नाही. डोळे मिटले की हिरवा दिवा दिसतो, म्हणून मीच उघडे ठेवले. हे आधी सांगते, कारण बोलताना मी मध्येच थांबले तर बाई खोटं जुळवतेय असं कुणी समजू नये. लिहून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, दिवा कसला ते नंतर सांग, आधी तू कोण, कुठं काम करतेस ते सांग. तसं सांगते.

माझा नवरा त्या शॉपमध्ये सात वर्षं ऑपरेटर आहे, चार नंबरच्या मशीनवर. मी तिथं चौदा महिने आहे. आम्हाला दोन वर्षांची मुलगी आहे. काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चार नंबरचा स्पिंडल जाम झाला आणि माझ्या नवऱ्याचा जबडा फुटला. मालकांनी आज इथं पोलीस ठाण्यात लिहून दिलंय की, जास्त नग काढून दाखवायचे म्हणून आम्ही नवरा-बायकोनं संगनमत करून सेन्सर हलवला. संगनमत म्हणजे काय ते ताईंनी मला समजावून सांगितलं. समजल्यावर मला इतका राग आला की ताईंनी पाणी दिलं.

सेन्सर मी हलवला. हे मी नाकारत नाही, तसंच लिहा. कुणी हलवायला लावला, ते पण लिहा.

स्पिंडल म्हणजे मशीनच्या डोक्यातला दांडा. त्यात कापायचं हत्यार धरलेलं असतं आणि तो एवढ्या जोरात फिरतो की फिरताना फिरतोय असं दिसतच नाही. त्याच्या आत बेअरिंग असतात. बेअरिंग खराब झाली की दांडा थरथरतो, तापतो. माणसाला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून सहा महिन्यांपूर्वी मालकांनी पाच मशीनवर सेन्सर बसवून घेतले. काडेपेटीएवढं डबडं, खाली लोहचुंबक. मशीनच्या डोक्याला वरून मागे चिकटतं, खालून दिसत नाही, आणि किती थरथर, किती गरम, ते रात्रंदिवस आपलं आपण लिहून ठेवतं. मशीनशेजारी दिवा असतो. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे लक्ष ठेव, लाल म्हणजे बंद कर. ज्या मोठ्या कंपनीला आमचे नग जातात, त्यांनाही ते लिहिलेलं तिकडे बसून दिसतं.

बसवायला आलेला सेन्सरवाला भला माणूस. मला म्हणाला, "वहिनी, पुसताना जपून. ही मशीनचा ताप बघणारी नर्स आहे."

मी म्हटलं, "रात्रपाळी पण करते का?"

"चोवीस तास. सुट्टी नाही."

"मग ती आमच्यातलीच की."

या महिन्याच्या चार तारखेला चार नंबरचा दिवा लाल झाला. ह्यांनी मशीन बंद केलं. फोरमन आले. फोरमनना शॉपमध्ये मागून सगळे 'अर्धा मिनिट' म्हणतात, कारण ते सांगतील ते काम अर्ध्या मिनिटाचं असतं, मग त्यात अर्धा दिवस जावो. ह्यांनी सांगितलं, बेअरिंग गेलीय, स्पिंडल उतरवा. फोरमन म्हणाले, उतरवला तर चार दिवस मशीन बंद, आणि माल शनिवारी जायचाय. मग ह्यांना म्हणाले, तू जेवून ये, मी बघतो.

हे जेवायला गेल्यावर फोरमननी मला बोलावलं. वेळ साडेबारा. म्हणाले, "ते डबडं खराब आलंय. उगाच लाल दाखवतंय. नवीन येईपर्यंत तू रोज सकाळी आठला ते उचलून दोन नंबरच्या डोक्यावर लावायचं. दोन नंबर दुपारी बंद होतं, मग दोन वाजता ते पाच नंबरवर न्यायचं. तू रोज स्टुलावर चढून पुसतेसच, कुणाला वेगळं वाटणार नाही. अर्ध्या मिनिटाचं काम."

मी विचारलं, "ह्यांना सांगू ना?"

"अजिबात नको. तो मशीन बंद करून बसेल. माल अडकला की तुम्हा दोघांना उद्यापासून घरी. पोरगी लहान आहे ना तुझी?"

मी चौथी शिकलेली. डबडं खराब आहे म्हणाले, मी खराब आहे असं मानलं. घड्याळ बंद पडलं की आपण दुसऱ्या घड्याळात बघतोच की. डबडं दोन नंबरवर लावलं आणि चार नंबरचा दिवा हिरवा झाला. हे जेवून आले, दिवा बघितला आणि मशीन सुरू केलं.

सेन्सरवाला दर शनिवारी यायचा, त्या दिवशी फोरमन डबडं परत चार नंबरवर ठेवायला सांगायचे आणि तो असेपर्यंत मशीन साफसफाईला म्हणून बंद ठेवायचे. असं चोवीस दिवस चाललं.

त्यातल्या एका संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "चार नंबर ओरडतेय गं. सारखं वाटतं. पण दिवा बघावा तर हिरवा. माझेच कान गेले बहुतेक."

मी म्हटलं, "कान शाबूत आहेत. मी काम सांगितलं की तेवढे बंद होतात."

दोघंही हसलो. मुलगी पण हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी.

ठाण्याचे साहेब विचारतात, तेव्हाच का नाही सांगितलं. पुढचं लिहा.

काल मी खिडकीपाशी टेबलावर नग घासत होते. चार नंबर माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. आधी चिरकल्यासारखा आवाज आला, मग आवाजच बंद झाला, मग काच फुटली. मशीनच्या दाराला काच असते, ती आधीच तडकलेली होती आणि तिला चिकटपट्टी लावलेली होती, हेही लिहा. हत्याराचा तुकडा त्या काचेतून आला. मी पोचले तेव्हा हे खाली बसलेले होते, उभे होते तिथंच, हातानं तोंड धरून. दिवा हिरवाच होता. सगळे धावाधाव करत होते, कुणी गाडी बोलवा म्हणत होतं, कुणी बर्फ आणा म्हणत होतं, आणि दिवा हिरवा.

हॉस्पिटलात ह्यांचा जबडा तारेनं बांधलाय. दोन महिने बोलता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ह्यांचा जबाब तुम्हाला आज मिळणार नाही, आणि म्हणूनच मालक एवढे निवांत आहेत. ह्यांना लिहायला पाटी दिलीय. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी एकच शब्द लिहिला. "दिवा?" मी पाटी पुसली आणि म्हटलं, झोपा आता.

आज सकाळी साडेसहा वाजता फोरमन हॉस्पिटलात आले. माझ्यासाठी चहा आणला होता, तो मी घेतला नाही. कागद पुढे केला. म्हणाले, "दवाखान्याचं सगळं मालक बघणार. तू काळजी करू नकोस. इथं सही कर, अर्ध्या मिनिटाचं काम."

मी म्हटलं, वाचते.

"तुला कुठं वाचता येतं?"

मला वाचता येतं. एकेक अक्षर लावून वाचते, वेळ लागतो एवढंच. ते घड्याळ बघत उभे राहिले आणि मी वाचत राहिले. तिसऱ्या ओळीत होतं, "पतीच्या सांगण्यावरून मी सेन्सर वेळोवेळी हलवला." मी विचारलं, "हा पती कोण? आत जबडा बांधून पडलाय तो? की तुम्ही?"

ते म्हणाले, "आवाज खाली. तूच हलवलास ना? तुझ्याच हातानं ना? मग?"

"हात माझा, तोंड तुमचं."

"पुरावा आहे का? उगाच पोलिसांत गेलीस तर तुझीच पोर उघड्यावर पडेल. विचार कर."

मी कागद परत दिला. फाडला नाही. फाडला असता तर तेच पुढे दाखवलं असतं.

त्यानंतर साडेसातच्या सुमारास सेन्सरवाला आला. त्याला त्याच्या सेन्सर कंपनीनं पाठवलं होतं, का बिघडलं ते बघायला, पण शॉपवर जायच्या आधी तो ह्यांना बघायला आला. तो माझ्या शेजारी बाकावर बसला आणि त्याच्या कॉम्प्युटरवर चार नंबरचं सगळं लिहिलेलं उघडलं. रडवेला झाला होता. म्हणाला, "वहिनी, हे चार नंबरचं नाहीच. ही थरथर दुसऱ्याच मशीनची आहे." मग त्यानं मला रेघ दाखवली. डबडं उचललं की त्याला धक्का बसतो आणि रेघ एकदम वर उडते, भिंतीत खिळा ठोकल्यासारखी. रोज दोन खिळे. आठला एक, दोनला एक.

मी म्हटलं, "हे मीच."

त्यानं रेघ पुढच्या दिवसावर सरकवली.

मग माझ्या लक्षात आलं. अकरा, बारा आणि तेरा तारखेला मी कामावर नव्हतेच. मुलीला ताप होता, मी तिन्ही दिवस दवाखान्यात आणि घरी. मी त्याला म्हटलं, ते तीन दिवस काढ. त्यानं काढले. खिळे होते. आठला आणि दोनला. त्यानं ते माझ्यासमोर छापून घेतलं आणि आज तुमच्याकडे दिलंय. दवाखान्याचा तारखांचा शिक्का असलेला कागद मी दिलाय. आता मालकांना विचारा, मी घरी पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, तेव्हा स्टुलावर कोण चढलं होतं? माझा नवरा त्या वेळी मशीनच्या पुढे उभा असतो, डोक्यावर चढला असता तर सगळ्या शॉपनं बघितलं असतं.

कोण चढलं ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही आता माहीत आहे. मला वाचायला वेळ लागतो म्हणून फोरमन मला लिहून कधीच पाठवायचे नाहीत. फोनवर बोलून पाठवायचे. "डबडं गेलं का दोनवर?" "आज दोनला विसरू नकोस." "शनिवार आहे, परत ठेव." तेरा तारखेचा त्यांचा आवाज असा आहे, साहेबांनी दोनदा ऐकला: "अगं कधी येतेस? तीन दिवस मीच स्टुलावर चढतोय, गुडघे गेले माझे." गेल्या आठवड्यात त्यांनी मला हे सगळं पुसून टाकायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं. मला पुसता येत नाही. येत असतं तर भीतीनं पुसलं पण असतं, खोटं कशाला बोलू.

मला पुरावा आहे का म्हणून विचारणाऱ्याचा आवाज माझ्या फोनमध्ये पडून होता. त्यांना वाटलं, बाई अडाणी आहे, तिच्याकडे काय राहणार. माझ्या नवऱ्याचे कान बरोबर होते. मशीन ओरडत होतं. सात वर्षं ज्या माणसानं हाताच्या तळव्यानं मशीन ओळखलं, त्याला फोरमननी दिवा दाखवून खोटं पाडलं, आणि तो दिवा माझ्याकडून लावून घेतला. आणि आता कागदावर लिहितात, पतीच्या सांगण्यावरून. हे असंच लिहा ताई, सरकारी भाषेत बदलू नका.

आज इथं येताना मी खोलीवर गेले होते. शेजारच्या काकूंकडे मुलगी आहे. काकू म्हणाल्या, सकाळी दोन माणसं आली होती, मशीन शॉपमधून आलोय म्हणाली, आणि मुलगी कुठं असते म्हणून विचारत होती. काकूंनी सांगितलं, मामाकडे गेलीय. मुलगी तेव्हा दाराआड वाटी-चमचा वाजवत होती. काकू चार वाजता कामावर जातात. त्यानंतर मुलीजवळ कुणी नाही. साहेब म्हणतात, मालकांची तक्रार माझ्यावर आहे, वरून विचारून घेईपर्यंत मला इथंच बसावं लागेल, किती वेळ ते सांगता येत नाही. मी पळून जाणार नाही. माझा नवरा हॉस्पिटलात बांधलेला आहे, मी कुठं जाणार.

लिहिलेलं सगळं ताईंनी मला सावकाश वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी "सदर इसम" लिहिलं होतं, ते मी काढायला लावून "फोरमन" करून घेतलं. बाकी मी बोलले तसंच आहे. सही माझी आहे, अंगठा नाही.

खाली एक नंबर लिहिलाय, तो माझ्या भावाचा. माझा फोन तुम्ही पाकिटात बंद केलाय, म्हणून मला लावता येत नाही. हा कागद ज्या कुणाच्या हातात येईल, साहेब असोत, वकील असो, चहावाला असो, त्यानं चारच्या आत दादाला फोन करावा. म्हणावं, टाकीमागं तीन नंबरच्या शेजारी काकूंकडे जा आणि भाचीला घेऊन तुझ्या घरी ने. आधी शॉपवर भांडायला जाऊ नकोस, आधी मुलगी. अनोळखी नंबर तो पहिल्यांदा उचलत नाही. दोनदा लावा.